डॉ. कोटणीसांचा मृत्यू आणि आमची चरित्रबुद्धी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस प्लेगने वारले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनच्या हेबेई प्रांतातील एका खेड्यात, अपस्माराचे झटके लागोपाठ येऊन त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. हे वाक्य इतक्या ठसठशीतपणे आरंभीच लिहावे लागते, याचे कारण आमच्याच शहरात, म्हणजे ज्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला त्या सोलापुरात, ते अजून पुरतेसे मान्य झालेले नाही. येथे दर जयंतीला कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात, दर पुण्यतिथीला त्याच साथीला बळी पडतात. मध्यंतरी शहरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्यापैकी दोघे परीक्षक होते. कोटणीसांवर बोललेल्या सहाही मुलांनी प्लेगचे वर्णन केले, त्यांतल्या एकीने तर असे की श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी आले. परीक्षणाच्या वेळी आम्ही शंका काढली, तेव्हा आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "सर, मुद्दा त्यागाचा आहे. कशाने गेले याला काय महत्त्व?"

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. कशाने गेले याला महत्त्व आहे, आणि ते किती आहे हे निदान साहित्याच्या अध्यापकांनी तरी सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे.

हा प्लेग आला कोठून, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो १९४६ साली आला, राजकमल कलामंदिराच्या दारातून. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि नायक म्हणूनही स्वतःच वठवलेल्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटात कोटणीस साथ आटोक्यात आणतात, स्वतः त्या रोगाच्या तडाख्यात सापडतात, जपान्यांच्या हाती लागतात, निसटतात आणि अखेर त्याच आजाराने देह ठेवतात. पटकथेला आधार होता ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अँड वन डिड नॉट कम बॅक' या १९४४ सालच्या पुस्तकाचा. शांतारामबापूंनी जे केले त्याबद्दल आमची तक्रार नाही. पडद्यावर मृत्यूला आकार लागतो, कारण लागते, आधीच्या प्रसंगांतून उगवलेली अपरिहार्यता लागते. साथीशी लढणारा वैद्य साथीनेच जाणे ही रचना ॲरिस्टॉटललाही पसंत पडली असती. कलावंताने ते स्वातंत्र्य घ्यावे. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या आठ दशकांत ज्यांनी पटकथेची नक्कल चरित्र म्हणून छापली, भाषणांतून घोकली आणि मुलांकडून घोकून घेतली, त्यांच्यावर.

असे वाद केवळ आमच्याच वाट्याला आले आहेत असे नाही. निकोला टेस्लाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १८५६ साली स्मिल्यान या गावी एका सर्ब धर्मगुरूच्या घरी तो जन्मला. गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज क्रोएशियात आहे. १८९१ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला, आणि त्याच्या अस्थी व कागदपत्रे आहेत बेलग्रेडच्या संग्रहालयात. सर्बियाच्या १०० दिनारच्या नोटेवर तो आहे. क्रोएशियाने आपल्या युरो नाण्यांवर त्याला घ्यायचे ठरवले, तेव्हा सर्बियाने हरकत घेतली. तरीही २०२३ साली ती नाणी चलनात आलीच. एडिसनने त्याला ५०,००० डॉलर देऊ केले आणि मग थट्टेवारी नेले ही कथा, १९१५ साली नोबेल मिळाल्याची वर्तमानपत्री हूल, हे सारे त्याच्या प्रत्येक चरित्रात नव्याने चघळले जाते. पण त्या वादांत आणि आमच्या वादात एक फरक आहे. टेस्लाबद्दल भांडणारे निदान कागद पुढे करून भांडतात. आमच्याकडे कागद कोणी मागितलाच, तर तो श्रद्धेचा अवमान ठरतो.

आता प्लेगकडे आणि अपस्माराकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. प्लेग हा आमच्या सांस्कृतिक कल्पनेत प्रतिष्ठित रोग आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णाला पाठीवरून वाहून नेणाऱ्या आणि त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई फुले आमच्या स्मरणात आहेत. प्लेगने मरणे म्हणजे इतरांसाठी मरणे, असे एक समीकरण त्यामुळे नकळत तयार झाले आहे. अपस्माराचे तसे नाही. त्याला आम्ही 'फिट' म्हणतो, 'फेफरे' म्हणतो, आणि म्हणतानाही आवाज खाली घेतो. रस्त्यात कोणी कोसळला तर अजूनही त्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे हात पुढे येतात. घरात कोणाला हा विकार असेल तर लग्न ठरेपर्यंत त्याचा उच्चार होत नाही. हे केवळ अडाणी समाजाचे वर्तन आहे असेही कोणी समजू नये. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या जोडीला वारंवार येणारे अपस्माराचे झटकेही विवाहास अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींत घातले गेले, आणि ते शब्द काढायला १९९९ साल उजाडावे लागले. ज्या शहराने कोटणीसांच्या नावाचा अभिमान वाहिला, त्याच शहरातल्या अपस्माराच्या रुग्णांना तेवीस वर्षे कायदाही असा वागवीत होता.

म्हणून आम्ही म्हणतो की प्लेगची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. शांतारामांनी ती कलेच्या गरजेपोटी केली असेल, पण आम्ही ती जपली आहे संकोचापोटी. नायकाला फिट येऊन चालत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. वास्तविक कोटणीसांचे खरे मरण त्या काल्पनिक मरणापेक्षा कमी दर्जाचे कोणत्या मापाने ठरते? एक ३२ वर्षांचा शल्यचिकित्सक, ज्याच्या अंगात हा विकार आहे, रुग्णालय चालवतो, चिनी भाषेत शिकवतो, आणि चिनी वृत्तांत सांगतात त्याप्रमाणे विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत असतो. घरी साडेतीन महिन्यांचा मुलगा असतो. या माणसाच्या मृत्यूत कोणताही नाट्यमय न्याय नाही, आधीच्या कृतीचे फळ नाही, शत्रू नाही. आहे तो केवळ एक दुखणाईत देह, आणि त्या देहाला न जुमानता चाललेले काम. आमच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला हाच विकार असेल (आणि अशी मुले आमच्या वर्गांत बसलेली आहेत), तर त्याला यातले कोणते मरण, किंवा खरे म्हणजे कोणते जगणे, उपयोगी पडेल?

हाच संकोच चरित्राच्या इतर तपशिलांतही पाझरला आहे. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे राजकारणाचा. कोटणीस १९४२ च्या जुलैमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. येथील गौरवलेखांत हे वाक्य एकतर गाळलेले असते किंवा 'चिनी सैनिकांची शुश्रूषा' अशा गुळगुळीत शब्दांत बुडवलेले असते. कोणत्या सैनिकांची, हा प्रश्न विचारायचा नाही. ती आठवी रूट आर्मी होती, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालची, त्या काळी चँग कै-शेकच्या सरकारशी झालेल्या संयुक्त आघाडीमुळे राष्ट्रीय सैन्याचा भाग म्हणून गणलेली. ही गुंतागुंत सांगायला दोन वाक्ये पुरतात, पण ती दोन वाक्ये लिहायला हात कचरतो. याविषयी एकदा चर्चा निघाली असता एका ज्येष्ठ मित्रांनी आम्हांला सुनावले की पक्षप्रवेशाची ही नोंद चिनी बाजूची आहे, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? शंका योग्य आहे, आणि ती घेतलीच पाहिजे. पण मग १९४० च्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, आठशेवर जखमींवर उपचार केले, हे आकडे आपण कोणाच्या तोंडून ऐकले? तेही चिनी बाजूचेच आहेत. ते मात्र आम्ही पाठ करतो, फलकांवर रंगवतो. साक्षीदार एकच, त्याचे अर्धे बोलणे प्रमाण आणि अर्धे प्रचार, हा निवाडा पुराव्याने झालेला नसून सोयीने झालेला आहे.

याच्या उलट टोकाला आमचे डावे स्नेही उभे आहेत, आणि त्यांनाही सूट देण्याचे कारण नाही. त्यांच्या कथनात कोटणीस जणू सोलापूरच्या गिरणीच्या भोंग्याबरोबरच वर्गजाणीव घेऊन जन्मतात आणि चीनला जाणे ही केवळ औपचारिकता उरते. तसे मानायला आधार नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा तरुण १९३८ साली गेला तो काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक हांकौला पोचले, आणि १९३९ साली येनानला. पक्षप्रवेश झाला १९४२ च्या मध्यावर, मृत्यूच्या जेमतेम पाच महिने आधी. मधली जवळजवळ चार वर्षे हा माणूस पाहत होता, शिकत होता, ठरवत होता. चरित्रकाराला याहून अधिक मोलाचा ऐवज कोणता मिळणार? पण एका बाजूला तो निर्णय झालाच नाही असे हवे आहे, आणि दुसऱ्या बाजूला तो आधीपासूनच झालेला होता असे हवे आहे. निर्णय घेणारा माणूस मात्र दोघांनाही नको आहे.

त्यांना पाठवले कोणी, यावरही हल्ली हमरीतुमरी चालते. चू तेह यांनी मदतीची विनंती केली ती जवाहरलाल नेहरूंकडे. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस, आणि ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले त्यांनी. निधी जमला २२,००० रुपयांचा. यांतले एक नाव घेऊन दुसरे गाळणारे लेख आता दोन्ही छावण्यांतून निघतात. त्यावर अधिक शाई खर्च करण्याची आमची इच्छा नाही.

पथकात पाच जण होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. अलाहाबादचे डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवीत काम करून आलेले होते. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. नागपूरचे डॉ. चोळकर. आणि सोलापूरचे कोटणीस. यांतले चोळकर मराठी मुलखातलेच, पण किती मराठी अध्यापकांना त्यांचे नाव ठाऊक आहे? ते परत आले, हाच त्यांचा अपराध. बसू तर १९४३ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी ठेवलेली दैनंदिनी पुढे 'कॉल ऑफ येनान' या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाली आहे, आणि या सगळ्या प्रकरणातील पहिल्या हाताच्या साक्षीत तिचे स्थान मोठे आहे. न परतलेल्याची अमर कहाणी होते आणि परतलेल्याची टीप. हा न्याय चित्रपटाला शोभतो, चरित्राला नाही. आमच्या शहराला त्याची विशेष ओढ असावी, हे मात्र समजण्यासारखे आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे हे शहर. हौतात्म्याचा एक साचा येथे तयारच आहे. कोटणीसांना त्या साच्यात बसवायचे म्हटले की थोडे कापावे लागते, थोडे जोडावे लागते.

कापण्याजोडण्याचे हे काम सर्वांत बेमालूमपणे झाले आहे ते त्यांच्या पत्नीच्या बाबतीत. गुओ छिंगलान या प्रशिक्षित परिचारिका होत्या, परिचर्या शिकवत होत्या. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी त्यांची आणि कोटणीसांची भेट झाली. (बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्येच वारले होते. समाधीपाशी जुळलेल्या या ओळखीची हकिकत ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी बेथ्यून आणि कोटणीस यांना खांद्याला खांदा लावून शस्त्रक्रिया करायला लावू नये.) बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले जानेवारी १९४१ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. चित्रपटात जयश्रीबाईंनी रंगवलेली नायिका शेवटी बाळाला घेऊन सोलापूरच्या घराच्या उंबऱ्याशी येते. विधवा सून सासरी येते, आणि कहाणी आमच्या ओळखीच्या चौकटीत सुखरूप परत येते. प्रत्यक्षातल्या छिंगलान सासरी राहायला आल्या नाहीत. त्या भारतात पाहुण्या म्हणून अनेकदा येऊन गेल्या, पण आयुष्य त्यांनी काढले चीनमध्ये, आणि २८ जून २०१२ रोजी दालियान येथे त्यांचे निधन झाले. मुलगा वैद्यकीय शिक्षण पूर्ण होण्याआधीच १९६७ साली गेला होता. म्हणजे कोटणीसांनंतर जवळजवळ सत्तर वर्षे जगलेली, एकुलत्या मुलाचा मृत्यू पाहिलेली, स्वतःच्या आठवणी स्वतः लिहिणारी ही स्त्री. आमच्या भाषणांत ती 'सोलापूरची सून' या दोन शब्दांत आटोपते. तिचे आत्मकथन इंग्रजीत 'माय लाइफ विथ कोटणीस' या नावाने उपलब्ध आहे. प्लेगवर बोलणाऱ्यांपैकी कोणी ते चाळले असेल, अशी आशा बाळगण्याइतके आम्ही भाबडे नाही.

आता मुद्दा आमच्या शास्त्राचा, म्हणजे साहित्याच्या अध्यापनाचा. चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी यांतला भेद आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. फळा पुसला की तोही पुसला जातो. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ मराठीत होते. तरी आज आनंदीबाईंविषयी उत्तरपत्रिकेत जे येते ते बहुधा कादंबरीतून, नाटकातून किंवा चित्रपटातून आलेले असते. कोटणीसांचे दुर्दैव असे की त्यांच्या बाबतीत कादंबरीचे कामही चित्रपटाने केले, आणि पुराव्यानिशी लिहिलेल्या भारदस्त मराठी चरित्राची परंपरा मागे उभी राहिली नाही. त्यांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी लिहिलेले चरित्र इंग्रजीत आहे, बसूंची दैनंदिनी इंग्रजीत आहे, छिंगलान यांच्या आठवणी मूळ चिनीत आणि मग इंग्रजीत. जन्मगावच्या भाषेने काय केले? तिने पटकथा पाठ केली.

विनोद असा की पुराव्याचा आग्रह धरणारा, सरकारी दफ्तरे आणि जुनी वर्तमानपत्रे उपसून टिळक-आगरकरांच्या संबंधांवर 'शोध बाळ-गोपाळांचा' लिहिणारा संशोधक याच सोलापुरात जन्मला होता. य. दि. फडके यांच्या पुस्तकांत थोर पुरुष लहान होत नाहीत, पण त्यांच्याभोवतीचा धूर मात्र विरतो. फडक्यांचे नाव घेऊन व्याख्यानमाला भरवणे सोपे आहे. त्यांची पद्धत आपल्याच गावच्या आराध्यावर चालवणे अवघड जाते.

येथे आमच्यावर एक प्रतिवाद येईल, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. कोटणीसांची आठवण मुळात टिकली ती चित्रपटामुळेच, असे कोणी म्हणेल. चीनने १९८२ साली त्यांचे टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ साली. भैय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारक झाले ते २०१२ साली, म्हणजे मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. १९६२ च्या युद्धानंतर तर चीनचे नाव घेणेच अवघड झाले होते. त्या सगळ्या अंधाऱ्या काळात पडद्यावरच्या कोटणीसांनीच खऱ्या कोटणीसांचे नाव जिवंत ठेवले. हे आम्हांला मान्य आहे. पण ऋण मान्य करणे वेगळे आणि धनकोच्या वहीत स्वतःची जन्मतारीखही लिहून देणे वेगळे. आणि १९४६ सालच्या प्रेक्षकाजवळ दुसरा मार्ग नव्हता, आज आहे. बंधूंचे पुस्तक, सहकाऱ्याची दैनंदिनी, पत्नीच्या आठवणी ही तीन साधने ग्रंथालयातून मागवता येतात. चीनचे नेते भारतभेटीवर आले की कोटणीस कुटुंबीयांचा सन्मान होतो, छायाचित्रे निघतात, दोन्ही सरकारे 'मैत्रीचा सेतू' म्हणतात. सरकारांना सेतूच हवा असतो, त्यांच्याकडून चरित्राची अपेक्षा नाही. ती अपेक्षा महाविद्यालयांकडून आहे.

तेव्हा आम्ही काही अध्यापकांनी असे ठरवले आहे की पदवीच्या शेवटच्या वर्षाला 'चरित्र' हा वाङ्मयप्रकार शिकवताना या वर्षी कोटणीस लावायचे. अब्बास यांचे पुस्तक, शांतारामांचा चित्रपट, मंगेश कोटणीसांचे चरित्र, बसूंची दैनंदिनी आणि छिंगलान यांच्या आठवणी ही पाच साधने शेजारी शेजारी ठेवायची, आणि मुलांना एकेक तपशील वाटून द्यायचा: पक्षप्रवेश कोण सांगतो आणि कोण टाळतो, ७२ तासांचा आकडा प्रथम कोठे येतो, झटक्यांचा पहिला उल्लेख कोणत्या साधनात आहे. एका गटाला सर्वांत किरकोळ प्रश्न दिला आहे. कोटणीसांचे लग्न काही लेखांत नोव्हेंबर १९४१ मध्ये होते, काहींत डिसेंबरात. कोणता महिना खरा, आणि तो तसा आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? उत्तर दोन पानांत, साधनाच्या पृष्ठांकासह, दिवाळीच्या सुटीनंतर द्यायचे आहे.